कोळंबी, नुडी आणि निरो

साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर दारूचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. मला बोलायचे आहे ते चोथ्याविषयी. एकदा निथळून झालेल्या चोथ्यात जो रस उरतो, तो कोणाचा?

विलायतेत अठराव्या शतकातही मोठ्या घरांतून बिअर घरीच होई. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून गरम पाण्यात भिजवायची. धान्यातल्या पिठाची साखर होते ती तिथेच. पहिला निथळ दाट आणि गोड. त्याची कडक बिअर धन्यासाठी. मग त्याच चोथ्यावर पुन्हा, कधी तिसऱ्यांदाही गरम पाणी ओतायचे. त्या पाणचट निथळाची हलकी बिअर नोकरचाकर पीत, मुलेही पीत. 1784 मध्ये जॉन रिचर्डसन याने रसाची घनता मोजून प्रत्येक पाण्यात किती अर्क उतरतो याचा हिशेब छापला. पुढे स्कॉटलंडमधील मद्यकारांची रीत रूढ झाली. धान्य एकदाच भिजवायचे आणि वरून गरम पाणी शिंपडत राहायचे. सगळा अर्क एकाच रसात आला. हलकी बिअर वेगळी काढण्याचे कारणच उणावले.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. बोंडूत साखर तयारच असते. त्याला मोड नकोत की गरम पाणी. कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या डोणीत (आपली मासळी नव्हे), बोंडू पायांनी तुडवीत. तो रस मातीच्या कोडेमात तीन दिवस आंबे, मग भाटीवर चढे. पहिल्या उकळीचा हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी.

पण कोळंबीत उरलेला चोथा टाकीत नसत. त्याचा ढीग थापून नुडीच्या वेलीने आवळीत आणि वर मोठा धोंडा ठेवीत. रात्रभर त्यातून जो रस ठिबके, तो निरो. विलायतेत शेवटचा निथळ सर्वांत फिका. इथे मात्र तो नितळ आणि गोड, आणि तो भाटीकडे जात नसे. आजोळी आम्ही मुले उजाडायच्या आत तांब्या घेऊन जायचो, कारण ऊन चढले की निरो आंबू लागतो. भाटीवाले काका आधी आम्हाला देत, मग स्वतः घेत. व्यापाराच्या हिशेबाने पाहिले तर हा रस वायाच गेला म्हणायचा!

2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. मात्र तुडवण्याची जागा पिंजऱ्याच्या दाबयंत्राने घेत आणली आहे. यंत्र बोंडू एका दमात कोरडा करते आणि मग धोंड्याखाली ठेवायला फारसे काही उरत नाही. मार्च ते मे या दिवसांत रस्त्याकडेला बाटल्यांतून निरो विकतात. तो धोंड्याखालचा की पिंजऱ्यातला, हे विचारणारे गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेले नाही.