उनपदेव ते बाथ: गरम पाण्यात कोणाला उतरू दिलं?

बुडापेस्टच्या सेचेन्यी बाथचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. बाहेर कडाक्याची थंडी, आत वाफाळतं पाणी, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. ते 1913 साली सुरू झालं. खाली कमेंट ठरलेली: आपल्याकडे असं काहीच नाही!

आहे ना. जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात, अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. दगडी गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. नावातच सगळं आलं. आपल्या आजीच्या तोंडी गरम पाणी म्हणजे ऊन पाणी. कोकणातलं उन्हवरे, उन्हेरे, गुजरातेतलं उनाई, ही सगळी गरम झऱ्यांचीच गावं.

उनपदेवची कथा अशी सांगतात: इथे शरभंग ऋषींचा आश्रम होता. त्यांना कुष्ठरोग झाला होता. वनवासात राम आला, त्याने जमिनीत बाण मारला, गरम पाणी उसळलं आणि ऋषी बरे झाले. आता गंमत बघा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग आहेत, रामाची भेटही आहे, पण आजार नाही आणि बाणही नाही. तिथे ऋषी रामाचं दर्शन घेऊन अग्निप्रवेश करतात. म्हणजे गरम पाण्याची गोष्ट लोकांनी नंतर जोडली. आणि ती एकट्या उनपदेवची नाही. तिकडे नवसारी जिल्ह्यात उनाईलाही हेच ऋषी, हाच रोग, हाच बाण!

आता इथून थेट इंग्लंडला जाऊ. तिथे बाथ नावाचं शहरच आहे. झऱ्याचं पाणी 46 अंश सेल्सिअस. त्यांची दंतकथा काय? ब्लेडड नावाचा राजपुत्र. त्याला कुष्ठरोग झाला म्हणून दरबारातून बाहेर काढलं. तो डुकरं राखायला लागला. डुकरं गरम चिखलात लोळून बरी होतात हे बघून तोही त्यात उतरला, बरा झाला, राजा झाला आणि त्याने शहर वसवलं.

सातपुड्याच्या माणसाने ब्लेडडचं नाव ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी शरभंगाचं. तरी दोन्हीकडे पाण्यात पहिला उतरतो तो, ज्याला बाकीचे शिवत नाहीत.

देवांचंही तसंच. बाथच्या झऱ्याची मूळ देवी सुलिस, स्थानिक. पहिल्या शतकात रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून सुलिस मिनर्व्हा केलं आणि देऊळ, स्नानगृह बांधलं. मला वाटतं उनपदेवलाही असंच झालं असावं: ऊन पाण्याचा देव आधीचा, राम नंतर आला. त्या रोमन झऱ्यातून शिशाच्या पत्र्यावर लिहिलेले सुमारे 130 शाप सापडलेत. बरेचसे चोरांना दिलेले, म्हणजे माझे कपडे ज्याने नेले त्याचं वाटोळं होवो. देवळाबाहेर ज्याची चप्पल गेलीय त्याला हे लगेच कळेल.

पाणी तापतं कसं? दोन्हीकडे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आपल्याकडे नर्मदा-तापीच्या पट्ट्यात अशा खोल भेगा आहेत, म्हणून सातपुड्याच्या कडेने हे झरे. त्या पाण्याने अंग मोकळं होतं, बरं वाटतं. पण कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, हे 1873 मध्ये हॅन्सनने दाखवलं. तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, पाण्याने नाही.

कथेत रोगी पहिला, व्यवहारात मात्र उलटं. बाथमध्ये पुढे कुष्ठरोग्यांसाठी बाजूला वेगळं, छोटं कुंड केलं. आणि आपल्याकडे? 1898 चा कुष्ठरोगी कायदा. सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर कुष्ठरोग्याला आंघोळ करायला, कपडे धुवायला, पाणी घ्यायला बंदी घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. म्हणजे शरभंग तेव्हा असते तर त्यांनाही बंदी घालता आली असती! हा कायदा संसदेने रद्द केला 2016 मध्ये. हो, 2016. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. जातीचं तर वेगळंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला, तरी 1927 मध्ये महाडच्या तळ्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागलाच.

तुम्ही परदेशात जाणार असाल तर दोन गोष्टी. बाथच्या रोमन कुंडात आता उतरता येत नाही. 1978 मध्ये पाण्यातल्या अमिबामुळे एका मुलीचा मृत्यू झाला आणि तिथली आंघोळ बंद झाली. 2006 पासून शेजारच्या नव्या इमारतीत, नव्या बोअरच्या पाण्यात आंघोळ करता येते. आणि जपानमध्ये ओन्सेनला जाल तर आधी साबण लावून स्वच्छ आंघोळ, मगच कुंडात. टॅटू असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. 2013 मध्ये होक्काइडोत एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं होतं. कपाळावर आणि हातभर गोंदण असलेल्या आपल्या पणजीलाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. तीच पणजी उनपदेवच्या गोमुखाखाली बिनधास्त बसली असती.