लिफ्ट किट बसवल्यावर जिम्नीचं स्टीअरिंग का भरकटतं?

मारुती सुझुकीची जिम्नी मुळातच जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे. तरीही दगड-ओढ्यांतून न्यायची म्हणून काही मालक लांब स्प्रिंग आणि मोठे टायर बसवतात. गाडी दीड-दोन इंचांनी उंच होते, दिसतेही दणकट. पण हायवेवर वेग घेतला की स्टीअरिंग सतत सावरावं लागतं. वळणानंतर ते आपणहून सरळ होत नाही. पहिला संशय टायरवर जातो, मूळ मात्र बहुतेकदा कॅस्टर नावाच्या कोनात असतं.

कॅस्टर म्हणजे काय?

सायकल बाजूने पाहिली तर पुढचा चिमटा मागे कललेला दिसतो. वेगात हँडल सरळ राहायला हा कल मदत करतो. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. जिम्नीत पुढची दोन्ही चाकं एका अखंड अ‍ॅक्सलवर आहेत आणि तो अ‍ॅक्सल लांब आर्मनी चॅसिसला जोडलेला आहे. स्प्रिंग लांब केल्या की चॅसिस वर जाते, आर्म तिरपे होतात आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सलही पुढच्या बाजूला फिरतो. कॅस्टर घटतो तो इथे. साध्या टो-अलाइनमेंटने तो परत येत नाही. त्यासाठी भोक मध्यभागी नसलेले ऑफसेट बुश किंवा आर्म खाली आणणारे ब्रॅकेट लागतात. जुन्या जिप्सीसारख्या पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर बसवून हेच काम होतं. २०२० पासूनच्या थारला हा उपाय चालत नाही, कारण तिचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे.

दुसरी अडचण पॅनहार्ड रॉडची. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा हा आडवा दांडा उंची वाढल्यावर जास्त तिरपा होतो आणि अ‍ॅक्सलला थोडं एका बाजूला ओढतो. लांबी बदलता येणारा रॉड बसवला की अ‍ॅक्सल मध्यावर येतो. पण इथेच अर्धवट काम केलं जातं. स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड जवळपास समांतर राहायला हवेत. ब्रॅकेट लावून एकाचाच कोन बदलला, तर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग झटका देतं.

सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे ‘डेथ वॉबल’. एका गचक्यानंतर पुढची चाकं जोरात थरथरू लागतात आणि थांबत नाहीत. अशा वेळी स्टीअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सलरेटर सोडावा आणि वेग हळूहळू उतरू द्यावा. झिजलेले बुश, टाय रॉड एंड, सैल बेअरिंग, बॅलन्स न केलेले टायर ही नेहमीची कारणं. जाड स्टीअरिंग डॅम्पर लावला की थरथर दबते, झीज मात्र तशीच राहते. डॅम्पर विकणं सोपं असल्यामुळे तोच आधी सुचवला जातो!

म्हणून आधी सगळे सांधे तपासावेत, मग कॅस्टर, मग पॅनहार्ड, आणि अलाइनमेंट शेवटी. सरळ चालताना स्टीअरिंग वाकडं राहिलं तर ईएसपीचा सेन्सरही फसू शकतो, त्यामुळे तेही मध्यावर आणून घ्यावं.

कायद्याची बाजूही आहे. मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे.