दाखल्याविना आलेली मुले, कागदाविना घेतलेली घरे

आमच्या उर्दू शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरे आहेत. कोणी माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला की ती काढावी लागतात. 1993 सालच्या पानांवर आम्ही दर वेळी थांबतो. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात ओळीने मुंबईतील शाळा आहेत. जोगेश्वरी, घाटकोपर, धारावी, परळ. कित्येक नावांपुढे शेरा आहे, 'दाखला नंतर आणून देणार.' शाळेचे वर्ष चालू असताना ज्यांनी रातोरात घर सोडले, त्या आईबापांनी दाखला कोठून आणावा? तेव्हाच्या हेडमास्तरांनी पालकांच्या लेखी हमीवर मुलांना वर्गात बसवून घेतले. आमच्या थोरल्या बहिणीचे नावही त्याच पानावर आहे.

मुंब्र्याचा अलीकडचा इतिहास लिहायचा झाला तर तो या रकान्यापासून लिहावा लागेल, असे आम्हांस वाटते.

मुंब्रा काही 1993 साली वसले नाही. मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी आणि रेतीबंदर, कौसा येथे पिढ्यान्पिढ्या राहणारे कोकणी मुसलमान, आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावे, अशी ही जुनी वस्ती. 1854 साली रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली ती येथूनच. 1916 साली पारसिकचा मोठा बोगदा झाला आणि पुढे कित्येक दशके जलद लोकल त्या बोगद्यातून परस्पर निघून जात. मुंब्र्याला थांबत नसत. 1982 साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि मुंब्रा तिच्या हद्दीत आले. कागदावर शहर झाले, पण जमिनीचा भाव गावाचाच राहिला.

मग 6 डिसेंबर 1992 उजाडला. बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबरात एकदा, जानेवारीत पुन्हा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 साली दिलेल्या अहवालात मृतांचा आकडा 900 आहे. त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जिवंत जळालेले हिंदू कुटुंबही या मोजणीत आहे, हे आपण विसरता कामा नये. भीती एकाच बाजूला नव्हती. जेथे जो थोडा होता, तो तेथून उठला. मृतांची मोजणी झाली. घर बदलणाऱ्यांची तशी मोजणी कोणी केली नाही.

आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो. परळच्या चाळीत आमची पागडीची खोली होती. अब्बा गिरणी कामगार. 1982च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते शिवणकाम करू लागले. जानेवारीतील त्या दोन रात्री शेजारच्या काकूंनी आम्हां सर्वांना आपल्या खोलीत ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, आता मला भीती वाटते." आपल्यामुळे त्यांच्यावर संकट नको, असे अब्बांना वाटले. फेब्रुवारीत आम्ही मुंब्र्याला आलो.

घर विकणे आणि घर घेणे हे व्यवहार माणूस एरवी दहा जणांना विचारून करतो. त्या वर्षी ते दहा दिवसांत झाले. परळची खोली मिळेल त्या भावात गेली. घरमालकाचा वाटा वजा जाता हाती फार थोडे उरले, कारण विकणाऱ्याला घाई आहे हे घेणाऱ्याला पक्के ठाऊक होते. मुंब्र्यात ती रक्कम घेऊन अब्बा बिल्डरपुढे बसले. वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला आणि एक पावती मिळाली. जमीन बिगरशेती झाली आहे का, नकाशा मंजूर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळणार का, हे अब्बांनी विचारले नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मशीद किती लांब आहे, आणि आसपास कोण राहते? दोन्ही उत्तरे त्यांच्या मनासारखी मिळाली.

म्हणूनच 'मुंब्र्यात घरे स्वस्त मिळाली' हे वाक्य आम्हांला अर्धे वाटते. आपल्या लोकांनी एक घर स्वस्तात विकले, तेव्हा कुठे दुसरे स्वस्तात घेतले. मधला फरक भीतीने भरला.

आपल्या माणसांत राहावे, ही इच्छा मुसलमानांचीच आहे असे कोणी समजू नये. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. त्यानंतर काही वर्षांनी दादरची पारशी कॉलनी वसली. रुंद रस्ते, झाडे, बाग, शाळा, सारे आधी आखून मग लोक राहायला आले. एप्रिल 2005मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची सहकारी संस्थेची मुभा मान्य केली. मग आमच्या वस्तीत आणि त्या वस्त्यांत फरक कोणता? धर्माचा नव्हे, तर सवडीचा. ते ठरवून आले, आम्ही पळून आलो. तेथे आधी नकाशा झाला आणि मग माणसे आली. येथे आधी माणसे आली. नकाशा अजून यायचा आहे.

दुसरी गोष्ट कर्जाची. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. असुरक्षिततेमुळे मुसलमान एकाच वस्तीत गोळा होत आहेत, घर भाड्याने किंवा विकत घेताना त्यांना नकार मिळतो, आणि काही बँका मुस्लिम मोहल्ल्यांना कर्जासाठी नकोसे विभाग समजतात, हे त्यात नोंदलेले आहे. कित्येकांनी व्याज नको म्हणून कर्ज घेतले नाही. कित्येकांना मागूनही मिळाले नाही. घरे उभी राहिली ती भिशीवर, बायकांच्या दागिन्यांवर आणि आखातातून येणाऱ्या पैशांवर. यात अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. परंतु बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील कागद तपासतो. आमच्या घरांचे कागद कोणीच तपासले नाहीत. बिल्डर 'आपला माणूस' होता, एवढे पुरेसे वाटले.

ते पुरेसे नव्हते, हे 4 एप्रिल 2013 रोजी कळले. मुंब्र्याजवळ शीळ येथे लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत काम चालू असतानाच कोसळली. 74 माणसे गेली. त्यांत ती बांधणारे मजूर होते, त्यांची बायकामुले होती. स्लॅबने कोणाचे नाव विचारले नाही. त्या संध्याकाळी अब्बा जिन्यात उभे राहून आमच्या इमारतीच्या खांबांवर हात फिरवत होते. वीस वर्षांत प्रथमच त्यांनी खांब पाहिले.

गेल्या वर्षी धाकट्या भावासाठी घर शोधताना हा सारा इतिहास पुन्हा दारात आला. शहरातल्या दुसऱ्या एका वस्तीत फोनवर ठरलेले घर आमचे नाव ऐकताच 'कालच गेले.' मुंब्र्यात दोन खोल्यांचा फ्लॅट अगदी आवाक्यात होता. भोगवटा प्रमाणपत्र मागितले तेव्हा दलाल हसला. "सर, तुम्हांला राहायचे आहे की कागद वाचायचे आहेत?" दुसरा फ्लॅट एकाच खोलीचा, पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेला. भाव जवळजवळ तेवढाच.

अम्मीने पहिल्याची बाजू घेतली. म्हणाली, "त्या रात्री जमाव आला, तेव्हा कोणी कागद बघत होता का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. तिने जे पाहिले ते आम्ही झोपेत काढले. एवढेच म्हणालो, "अम्मी, जमावापासून वाचायला तुम्ही येथे आलात. आता छपरापासूनही वाचले पाहिजे." एक खोलीचे घर घेतले. भाऊ अजून थोडा नाराज आहे.

1993-94च्या इमारतींना आता तीस वर्षे होऊन गेली. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नसेल, तर 2008च्या सुधारणेमुळे सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. अर्थात अनधिकृत इमारतीला हे दार सहजी उघडत नाही. नवे घर घेणाऱ्यासाठी 2017पासून महारेरा आहे. प्रकल्पाची नोंदणी घरबसल्या पाहता येते. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत घरे असतील तर प्रकल्प या नोंदणीतून सुटतो, आणि आपल्याकडे तसे पुष्कळ आहेत. तेथे मंजूर नकाशा, सातबारा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः महापालिकेत व तलाठी कार्यालयात जाऊन पडताळावे लागते. मराठी येत नाही म्हणून कचेरीत जायला कचरणारे पालक आम्ही रोज पाहतो. निदान आमच्या शाळेतून शिकलेल्या मुलांनी आपल्या आईबापांना सातबारा वाचून दाखवावा, म्हणून दहावीच्या वर्गात मराठीच्या एका तासाला आम्ही सातबाराच वाचायला देतो.

त्या जुन्या रजिस्टरात आणखी एक नोंद आहे. 'दाखला नंतर आणून देणार' या शेऱ्याखाली बहुतेक ठिकाणी लाल शाईने, नंतरची तारीख घालून लिहिले आहे, 'दाखला मिळाला.' बहिणीच्या नावाखालीही आहे. कोणीतरी परळला परत गेले होते, त्या शाळेच्या दारात उभे राहिले होते आणि कागद घेऊन आले होते. अब्बाच गेले असणार.

मुलांचे कागद आपण पूर्ण केले. घरांचे अजून राहिले आहेत.