एका पौंडाची आगबोट

आगबोट हा शब्द आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी मुंबई-पणजी बोटीच्या डेकवर वळकटी पसरून रात्र काढली, बोट लागून हैराण झाल्यावर पहाटेच्या वाऱ्याने जीवात जीव आल्याचा अनुभव घेतला, त्या घरांत तो अजून क्वचित ऐकू येतो. आपल्या किनाऱ्यावरील त्या बोटी गेल्या त्या गेल्याच. परंतु याच जातीची एक उतारू आगबोट स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवर आजही उन्हाळ्यात माणसे घेऊन निघते. तिचे नाव वेव्हर्ली. मागे फिरणारा पंखा नव्हे, तर दोन्ही कुशींना बसवलेली मोठी चाके पाणी कापून तिला पुढे नेतात. समुद्रात उतारूंची ने-आण करणारी अशी चाकांची आगबोट आता जगात ही एकच उरली आहे. ती कशी उरली, हा इतिहास सांगण्याजोगा आहे.

क्लाइड नदी आणि आगबोट यांचे नाते फार जुने आहे. १८१२ साली हेन्री बेल याने 'कॉमेट' नावाची लहानशी आगबोट याच नदीवर उतारूंसाठी सुरू केली आणि युरोपातील व्यापारी आगबोटींच्या युगाला तेथे प्रारंभ झाला. पुढे ग्लासगो शहर कारखान्यांनी भरून गेले. धुराने काळवंडलेल्या चाळींमध्ये राहणाऱ्या कामगाराला जुलै महिन्यातील जत्रेची सुट्टी मिळाली, की तो बायकामुलांसह बोटीत बसून नदीच्या मुखाकडे, डनून, रोथसे किंवा ॲरन बेटाकडे जाई. या सहलीला तेथील बोलीत 'डून द वॉटर' म्हणत, म्हणजे पाण्याबरोबर खाली जाणे. रेल्वे कंपन्यांनी किनाऱ्यापर्यंत रूळ नेले, धक्के बांधले आणि स्वतःच्या बोटी ठेवून एकमेकींशी चुरशीची स्पर्धा मांडली. गरिबाच्या वाट्याला आलेली समुद्राची हवा त्या स्पर्धेमुळे स्वस्त झाली, हेही नमूद केले पाहिजे.

सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'वेव्हर्ली' या कादंबरीचे नाव धारण करणारी आधीची चाकांची बोट १८९९ सालची. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ती ताब्यात घेतली. २९ मे १९४० रोजी डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना सोडवून आणत असताना जर्मन विमानांनी ती बुडवली आणि तिच्याबरोबर शेकडो सैनिकांना जलसमाधी मिळाली. तिची जागा घेण्यासाठी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कंपनीने ग्लासगो येथील ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत नवी बोट बांधावयास घेतली. २ ऑक्टोबर १९४६ रोजी तिचा सांगाडा पाण्यात उतरला, परंतु युद्धानंतरच्या टंचाईमुळे काम रेंगाळले आणि १६ जून १९४७ रोजी क्रेगेंडोरनच्या धक्क्यावरून ती प्रथम उतारू घेऊन निघाली. त्यानंतर सुमारे एका महिन्याने, १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी उतारू बोट म्हणजे निव्वळ हौसेची वस्तू नव्हे, तिच्यावर माणसांचे जीव सोपवलेले असतात, ही गोष्ट मराठी वाचकाला त्या तारखेमुळे अधिक जाणवावी.

या बोटीचे हृदय म्हणजे ग्रीनॉक येथील रँकिन अँड ब्लॅकमोर यांच्या ओतशाळेत घडवलेले बाष्पयंत्र. त्याची शक्ती सुमारे २,१०० अश्वशक्ती. वाफ प्रथम लहान नळकांड्यात शिरते, तेथे काम करून थोडी मंदावली की मधल्या नळकांड्यात आणि अखेरीस सर्वांत मोठ्या नळकांड्यात. एकाच वाफेकडून असे तीनदा काम करून घेतले जाते. तिरपे बसवलेले हे तीन दांडे एकाच आडव्या कण्याला फिरवतात आणि कण्याच्या दोन टोकांना दोन चाके आहेत. कणा एकच असल्यामुळे एक चाक पुढे व दुसरे मागे असे फिरवता येत नाही. म्हणून अरुंद जागी बोट वळवताना कप्तानाची खरी कसोटी लागते. यंत्राच्या दोन्ही बाजूंनी जाण्यायेण्याची वाट आहे. उतारू तेथे कठड्याला टेकून उभे राहतात, तेलाचा वास घेतात आणि ते चकचकीत पोलादी हात पुढेमागे होताना पाहतात. देखावा पाहण्यासाठी डेकवर गेलेली मुले तासन् तास येथेच रेंगाळतात, असे म्हणतात. ते पटण्यासारखे आहे.

१९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे मोटारी आल्या, मोटारी वाहून नेणाऱ्या नव्या बोटी आल्या, सुट्टीतला कामगार विमानाने स्पेनला जाऊ लागला. क्लाइडवरील बोटी एकामागून एक भंगारात निघाल्या. वेव्हर्ली १९७३ च्या हंगामापर्यंत टिकली. ती चालवणे परवडत नाही, असे तिच्या मालक कंपनीने, कॅलेडोनियन मॅकब्रेनने, ठरवले. चाकांच्या बोटी वाचवण्यासाठी १९५९ साली काही हौशी मंडळींनी एक संस्था काढली होती. तिला १९७४ साली ही बोट एक पौंड किमतीला विकण्यात आली. ती पुन्हा चालेल अशी अपेक्षा त्या वेळी फारशी कोणालाच नव्हती. फार तर एखाद्या धक्क्याला बांधून तिचे संग्रहालय होईल, एवढाच विचार. परंतु संस्थेने जनतेला हाक दिली आणि पैसा जमला. सुट्टीच्या दिवशी माणसे आपणहून येऊन गंज खरवडू लागली, रंग देऊ लागली. २२ मे १९७५ रोजी वेव्हर्ली पुन्हा उतारू घेऊन निघाली.

एक पौंड ही किंमत ऐकायला गमतीची वाटते. खरी किंमत पुढे प्रत्येक वर्षी द्यावी लागली. १५ जुलै १९७७ रोजी डनूनजवळच्या गँटॉक्स या खडकांवर बोट आदळली. उतारू सुखरूप उतरवले गेले, पण दुरुस्तीचा मोठा खर्च अंगावर पडला. क्लाइडचा उन्हाळा आखूड आणि पावसाचा. तेवढ्या मिळकतीवर बोट जगणे अशक्य. म्हणून ती घराबाहेर पडली. १९७७ साली लिव्हरपूलला आणि १९७८ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला तिने फेऱ्या केल्या. पुढे ब्रिस्टलची खाडी आणि थेम्स नदीही तिच्या वाटेवर आल्या. मला हा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वारसा म्हणून तिला एका जागी बसवून ठेवली असती, तर देणग्यांच्या आधारावर ती किती दिवस तग धरती? तिकीट काढणाऱ्या माणसानेच तिला वाचवले.

तुलनेसाठी तिच्या सोबतिणींकडे पाहावे. १९३३ ची 'क्वीन मेरी' ही क्लाइडवरील देखणी बोट १९७७ साली थांबली, लंडनमध्ये थेम्सवर उपाहारगृह होऊन राहिली आणि २०१६ साली दुरुस्तीसाठी ओढून क्लाइडला परत आणावी लागली. लॉक लोमंड या सरोवरावरील १९५३ ची 'मेड ऑफ द लॉक' १९८१ साली थांबली आणि नंतर दशकानुदशके बालॉखच्या धक्क्यालाच उभी राहिली. प्रेम करणारी माणसे त्यांनाही होतीच. पण एकदा थांबलेले यंत्र पुन्हा चालवण्याचा खर्च, चालते ठेवण्याच्या खर्चाहून कितीतरी जड असतो.

चालत्या बोटीत मात्र जुने ते तसेच ठेवता येत नाही. वेव्हर्लीचा मूळ बॉयलर कोळशावर चाले. १९५७ साली तो तेलावर आणला. १९८१ साली नवा बॉयलर आला, २००० साली त्याच्या जागी दोन बसवले. २००० ते २००३ या काळात राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून बोटीची मोठी पुनर्बांधणी झाली. तेव्हा काहींनी विचारले, की इतके बदलल्यावर जुनी बोट उरली कोठे? प्रश्न रास्त आहे. संग्रहालयातील वस्तूला तो लागूही पडेल. परंतु ज्या डेकवर शेकडो माणसे मुलाबाळांसह उभी राहणार, तेथे गंजलेला पत्रा केवळ १९४७ चा आहे म्हणून ठेवणे हा इतिहासाचा आदर नव्हे. यंत्र मूळचेच आहे, लाल, पांढरे आणि काळे असे रंगवलेले दोन धुराडेही मूळच्याच थाटाचे आहेत. बॉयलर मात्र दिव्यातील तेलासारखा. तो संपतो आणि भरावा लागतो.

२०१९ साली तो असाच संपला. हंगामाच्या तोंडावर बॉयलर निकामी ठरले आणि त्या वर्षी बोट धक्क्यालाच राहिली. २३ लाख पौंडांचे आवाहन निघाले. हजारो सामान्य माणसांच्या लहानमोठ्या देणग्या आल्या आणि वर्षअखेरीस स्कॉटलंडच्या सरकारने १० लाख पौंड देऊन रक्कम पुरी केली. ग्रीनॉकच्या गोदीत धुराडी आणि डेकचा भाग काढून जुने बॉयलर वर उचलले, नवे आत उतरवले. त्यातच महामारी आली. ऑगस्ट २०२० मध्ये बोट कशीबशी सुरू झाली आणि ३ सप्टेंबरला ॲरन बेटावरील ब्रॉडिकच्या धक्क्यावर आदळून २४ जण जखमी झाले. पुढच्या वर्षी ती पुन्हा निघाली.

तिला घडवणारी इंग्लिसची गोदी १९६२ सालीच बंद झाली. केल्विन आणि क्लाइड या नद्यांच्या संगमावरील त्या जागेवर आज ग्लासगोचे वाहतूक संग्रहालय उभे आहे. यंत्र घडवणारी ओतशाळाही राहिलेली नाही. झिजलेला एखादा भाग बदलावयाचा तर तो नव्याने घडवून घ्यावा लागतो आणि ते यंत्र चालवण्याची विद्या जुन्या इंजिनियरकडून नव्याला बोटीवर काम करतच शिकावी लागते. २२ मे २०२५ रोजी वेव्हर्लीच्या दुसऱ्या जन्माला ५० वर्षे पूर्ण झाली. आधीच्या मालकांकडे ती २६ वर्षे चालली होती. हंगाम संपला की ती ग्लासगोत बांधून ठेवतात, उन्हाळ्यापूर्वी सुक्या गोदीत नेऊन तिचा तळ घासतात, चाकांच्या लाकडी फळ्या तपासतात आणि पुढच्या फेऱ्यांची तिकिटे विकावयास काढतात.