संभ्रम आणि पेडण्याची पुनव

डिचोली आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. जुन्या काबिजादींहून दोन शतकांहून अधिक उशिरा आलेल्या या भागात देवस्थाने, कौलप्रसाद आणि अवसर ही व्यवस्था बरीचशी अभंग राहिली. म्हणून माणसाचे चित्त फिरले म्हणजे त्याची पहिली चौकशी येथे देवापुढे होत आली. पेडण्यास कोजागरीच्या पुनवेला रवळनाथ-भूतनाथांची तरंगे निघतात. बाधा झालेली माणसे तेथे दूरदूरहून आणली जात. बोलीतला ‘पिसो’ हा शब्दही पिशाचाशीच नाते सांगतो.

या श्रद्धेला सरसकट वेड म्हणणे आम्हांस मान्य नाही. अवसराला काळवेळ असते, साक्षीदार असतात, आणि तो उतरला की मनुष्य आपल्या कामाला लागतो. छिन्नमनस्कतेतील संभ्रम एकट्याचा असतो. गावकऱ्यांचा देवचार सीमेची राखण करतो. रुग्णाचा देवचार केवळ त्याच्याच मागे लागतो, आणि ते गावातल्या भाविकालाही पटत नाही. (व्हिएन्नाच्या टाउस्कने १९१९ साली वर्णिलेल्या रुग्णांना आपले विचार एक यंत्र चालविते असे वाटे. देवचाराच्या जागी यंत्र, इतकाच भेद.)

कार्ल यास्पर्सने १९१३ साली एक गोष्ट नेमकी हेरली. संभ्रम ठरण्यापूर्वी पुष्कळदा एक विचित्र वातावरण दाटते. ओळखीची वाट, बाजारातली एखादी नजर, सारे आपल्याविषयीच काही सुचवीत आहे असे वाटू लागते. काय, ते मात्र उमगत नाही. मग एकाएकी अर्थ सापडतो, आणि तो भयंकर असला तरी त्या अनिश्चिततेहून सुसह्य वाटतो. घरची माणसे पुरावे मागतात, वाद घालतात, आणि तेथेच फसतात. ती ज्याला मत समजतात तो रुग्णाच्या लेखी अनुभव असतो. तथापि या रोगाला १९०८ साली आजचे युरोपीय नाव देणाऱ्या ब्लॉयलरने असेही पाहिले, की स्वतःस सम्राट म्हणविणारा रुग्ण रुग्णालयात निमूटपणे हलकी कामे करीत असतो. दोन जगांचे हिशेब तो एकत्र सांभाळतो.

येथे कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारियाचे स्मरण होते. संमोहननिद्रा बाहेरच्या चुंबकशक्तीने येत नाही, ती निद्रिस्ताच्या मनातूनच उपजते, असे त्याने पॅरिसात मांडले. पणजीच्या मनोरुग्णालयाला पुढे त्याचेच नाव मिळाले. आणि तेथे दाखल होणाऱ्या कितीकांची तक्रार मात्र हीच, की सारे बाहेरून येते.

गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथील २८२ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यातील उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात. सुधारणा माफकच दिसली. परंतु रोजचे व्यवहार पार पाडण्याची शक्ती काहीशी परतली.