तवा जलाशयावरची नाव

इटारसीहून जबलपूरकडे जाताना बागरा तव्याजवळ आपली गाडी तवा नदीचा पूल ओलांडते. याच नदीवर वरच्या अंगाला 1970च्या दशकात धरण झाले आणि 44 गावांची जमीन पाण्याखाली गेली. विस्थापितांत गोंड होते, कोरकूही होते. मेळघाटातले कोरकू आपल्या परिचयाचे आहेतच. ही शेतकरी माणसे मासेमारी शिकली. लहानशा नावेत एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने जाळे सोडायचे. सांजेला लावलेले जाळे पहाटे उचलायचे. पण मासळीचा ठेका इतरांकडे असल्याने, बुडालेल्या स्वतःच्या शेतावर धरलेला मासाही चोरीचा ठरे.

लढा देऊन त्यांनी 1996 साली जलाशयाचा पट्टा आपल्या सहकारी संघासाठी मिळवला. मत्स्यबीज सोडणे, पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवणे, कटला-रोहू शहरांत पाठवणे, हे सारे संघाने सांभाळले. 2006 साली सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे करून पट्ट्याचे नूतनीकरण नाकारले गेले.

धरणाचा इतिहास आपण ओलिताच्या एकरांत मोजतो. शेत गेल्यावर पाण्यावरचा हक्क कोणाचा, हा त्या नावेचा प्रश्नही त्यात नोंदवायला हवा.