भीडभंजन

बडोद्याला हरणी भागात माझी मावशी राहते. तिथला भीडभंजन हनुमान प्रसिद्ध आहे. दर्शन घेऊन परतताना मी तिला विचारले, "मावशे, मारुतीने कोणाची भीड मोडली गो?" ती हसली. "अरे, ही आपली मराठी भीड नव्हे. गुजरातीत भीड म्हणजे संकट."

त्या एका शब्दावरून मला त्याच गुजरातेतला एक राजा आठवला. नवानगरचे (म्हणजे जामनगरचे) जामसाहेब दिग्विजयसिंहजी.

१९३९ साली जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियाने सायबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकले. उपासमारीत आणि रोगराईत कितीतरी मुलांचे आईबाप गेले. १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली खरी, पण ह्या पोरक्या मुलांना घ्यायचे कोणी? जामसाहेबांनी ती घेतली. १९४२ साली मुलांची पहिली तुकडी ट्रकांतून इराणमार्गे भारतात आली. ती आधी मुंबईला वांद्र्यात राहिली, मग समुद्राकाठच्या बालाचडीला गेली. बहुतेक कॅथलिक, थोडी ज्यू. मुले त्यांना बापू म्हणू लागली.

आपल्या लोकांना मौज वाटेल अशी एक गोष्ट. मुलांना तिथले तिखट जेवण झेपेना, तेव्हा जामसाहेबांनी गोव्याहून आचारी आणवले!

युद्ध संपल्यावर पोलंडच्या नव्या कम्युनिस्ट सरकारने मुले परत मागितली. मुलांना परत जायची धास्ती होती. तेव्हा जामसाहेब, छावणीचे पाद्री प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी क्लार्क ह्यांनी मुलांना कायद्याने दत्तक घेतले. मागणारा गप्प! १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला गेली. तिथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. शाळा, चर्च, इस्पितळ, सगळे होते. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेले सिंधी आले. आजचे गांधीनगर ते हेच.

जामसाहेबांचा जीव धोक्यात नव्हता, हे मान्य. तिकडे युरोपात ज्यूंना घरात लपवणाऱ्यांना गोळी घातली जाई. तरीही लपवणारे निघाले. त्यांत आर्मेनियनही होते. १९१५ ची कत्तल सोसलेली ही जमात. त्यांतल्या काहींचा इस्रायलने पुढे गौरव केला. सोसलेल्याला दुसऱ्याचे दार वाजलेले लवकर ऐकू येते की काय, कोण जाणे.

हे लिहिताना मला एक बाई आठवते. मी सरकारी कारकून. रहिवासी दाखल्यासाठी आलेल्या त्या परप्रांतीय बाईला एक कागद कमी म्हणून मी तीन खेपा घालायला लावल्या. नियम माझ्या बाजूने होता. चौथ्यांदा ती आलीच नाही. साहेबांना एक शब्द विचारला असता तर काम झाले असते. पण भीड पडली.

जामसाहेबांनीही कायदाच वापरला, पण मुलांना आत घेण्यासाठी. मी तोच कायदा दाराला कडीसारखा लावला. दुसऱ्याची भीड भंजायची तर आधी आपली मोडावी लागते, वाचकहो. मावशीने सांगितलेला अर्थ आणि आपला मराठी अर्थ, मला वाटते, इथे एकच होतात.